दोन ओळींत मावणारे युद्ध

माझे वडील, ज्यांना घरी आणि गावात सगळेच अण्णा म्हणतात, काही वर्षांपूर्वी मे ते ऑक्टोबर असे सहा महिने आमच्याकडे पिट्सबर्गला राहून गेले. सातारा जिल्ह्यातल्या एका हायस्कुलात त्यांनी एकतीस वर्षे इतिहास शिकवला. आता त्यांना कमी ऐकू येते. श्रवणयंत्र लावून मराठी बोलणे समजते, पण अमेरिकी इंग्रजीचा त्यांच्या कानात नुसता गलका होतो. आल्यानंतर आठवडाभरात त्यांनी विचारले, की या गावाचे नाव पिट्सबर्ग का आणि नदीकाठी ती जुनी विटांची चौकी कशाची आहे. विल्यम पिट हा त्या काळातला ब्रिटिश मंत्री, आणि ती चौकी म्हणजे १७६४ साली बांधलेले, फोर्ट पिटच्या तटबंदीतले शिल्लक राहिलेले एकमेव बांधकाम, एवढे मला सांगता आले. त्यापलीकडे, अठरा वर्षे या गावात राहूनही, मला काही येत नव्हते. म्हणून मी वाचनालयातून ‘द वॉर दॅट मेड अमेरिका’ या मालिकेच्या तबकड्या आणल्या. २००६ च्या जानेवारीत अमेरिकेच्या सार्वजनिक दूरचित्रवाणीवर दाखवली गेलेली ही चार तासांची माहितीपटमाला पिट्सबर्गच्याच केंद्राने तयार केली आहे. तिच्यात उत्तर अमेरिकेत इंग्रज आणि फ्रेंच यांच्यात झालेले १७५४ ते १७६३ या काळातले युद्ध नटांकडून घडवून दाखवले आहे आणि त्याचे निवेदन ओनायडा या तिथल्या मूळ रहिवासी समाजातले अभिनेते ग्रॅहम ग्रीन यांनी केले आहे.

पहिल्या संध्याकाळी मी शेजारी बसून दर वाक्यानंतर चित्र थांबवायचे आणि मोठ्याने मराठीत सांगायचे, असा प्रयोग केला. अर्ध्या तासाच्या चित्रणाला दोन तास लागले, माझा घसा बसला आणि अण्णा वैतागले. ‘‘तू मला लढाई सांगतेस, की लढाईची टिपणे?’’ असे ते म्हणाले. इंग्रजी सबटायटल लावून पाहिले, तर ते वाचून होण्याआधीच पुढचे येई. शेवटी मीच म्हटले, की मराठी सबटायटल करून देते. हे काम पंधरा दिवसांचे असेल, असे मला वाटले होते. प्रत्यक्षात त्याला साडेतीन महिने लागले.

कामाची पद्धत थोडक्यात अशी होती. सबटायटलची फाइल हा साधा मजकूर असतो. त्यात प्रत्येक तुकड्याला एक क्रमांक, तो पडद्यावर कधी येणार आणि कधी जाणार त्या वेळा, आणि खाली एक किंवा दोन ओळी, एवढेच असते. संगणकावर तबकडीबरोबर ती फाइल चालवता येते. एका ओळीत चाळीसच्या आसपास अक्षरचिन्हे, दोनच ओळी, आणि एक तुकडा सहा सेकंदांपेक्षा अधिक काळ ठेवायचा नाही, अशी प्रचलित मर्यादा मी पाळली. एकेका भागाला सातशेच्या वर तुकडे झाले. पहिल्या दिवशी सगळी देवनागरी प्रश्नचिन्हे होऊन दिसली. फाइल योग्य लिपीसंकेतात जतन केल्यावर अक्षरे आली, पण ‘सैन्याच्या’ आणि ‘दऱ्या’ यांतली जोडाक्षरे फुटून गेली, तेव्हा दुसरा टंक शोधावा लागला. अण्णांना टाचणीएवढी अक्षरे चालत नव्हती. अक्षर मोठे केले की ओळ तुटे, ओळ तुटली की वाक्य छाटावे लागे, आणि वाक्य छाटताना कोणता शब्द ठेवायचा हा प्रश्न दर वेळी नव्याने उभा राहत असे.

पहिला अडथळा युद्धाच्या नावाचाच होता. अमेरिकेत या युद्धाला ‘फ्रेंच अँड इंडियन वॉर’ म्हणतात. मी शब्दशः लिहिले आणि अण्णांनी लगेच विचारले, ‘‘यात आपले कोण होते?’’ त्यांचा प्रश्न मी हसण्यावारी नेला, तो मला नंतर निस्तरावा लागला. पण तो पुढचा भाग. नाव समजायलाही अवघड आहे, कारण ते फ्रेंच आणि इंडियन यांच्यातल्या युद्धाचे वाटते. प्रत्यक्षात ते ब्रिटिश वसाहतींच्या बाजूने, शत्रू कोण होते ते सांगणारे नाव आहे. ‘रेड इंडियन’ हा आपल्या जुन्या पाठ्यपुस्तकांतला शब्द मला वापरायचा नव्हता. ‘आदिवासी’ म्हटले की मराठी वाचकाच्या डोळ्यांपुढे मेळघाट किंवा जव्हार येते, आणि ‘मूलनिवासी’ या शब्दाला आपल्याकडे स्वतःचे असे राजकारण आहे. शेवटी असे ठरवले, की जिथे शक्य आहे तिथे नावच घ्यायचे: लेनापी, शॉनी, सेनेका, मिंगो. निवेदनात सरसकट उल्लेख आला की ‘मूळ रहिवासी’ लिहायचे. ‘टोळी’ हा शब्दही मी काढून टाकला. अण्णांचा त्याला विरोध होता, कारण त्यांनी वर्गात तो आयुष्यभर वापरला होता. मी त्यांना म्हटले, ‘‘अण्णा, आपण टोळी कुणाची म्हणतो? दरोडेखोरांची आणि टोळधाडीची.’’ मोहॉक, ओनायडा, ओनोंडागा, कायुगा, सेनेका आणि अठराव्या शतकाच्या पूर्वार्धात त्यांना येऊन मिळालेले टस्करोरा यांचा संघ स्वतःला राष्ट्रांचा संघ मानत होता. त्यामुळे आमच्या फाइलीत ‘सहा राष्ट्रे’ असेच आले.

त्याच संघाने ओहायो नदीच्या खोऱ्यात नेमलेला तानाग्रिसन नावाचा एक सेनेका पुढारी होता. इंग्रजांनी त्याला ‘हाफ किंग’ अशी पदवी चिकटवली. ‘अर्धा राजा’ लिहिले तर ते लहान मुलांच्या गोष्टीतले पात्र वाटते. तो राजा नव्हता. दूरच्या संघसभेच्या वतीने या खोऱ्यातल्या लोकांवर लक्ष ठेवणारा आणि पाहुण्या सत्तांशी बोलणी करणारा माणूस होता. अण्णा म्हणाले, ‘‘मग मुखत्यार म्हण की.’’ हा शब्द चपखल बसला आणि दोन ओळींत मावलाही. वॅम्पमच्या बाबतीत मात्र आम्ही हरलो. शिंपल्यांपासून घडवलेल्या पांढऱ्या आणि जांभळ्या मण्यांचे हे पट्टे बोलण्यांच्या वेळी दिले जात आणि दिलेल्या शब्दाची साक्ष म्हणून जपले जात. ‘कवड्यांची माळ’ लिहावे, तर तुळजापूर डोळ्यांपुढे येते, आणि ‘कवडीमोल’ हा शब्द मनात आल्यावाचून राहत नाही. म्हणून ‘वॅम्पम-पट्टा’ असेच ठेवले.

‘फ्रंटियर’ या शब्दाने मला आठवडाभर थांबवून ठेवले. पहिल्या मसुद्यात मी ‘सरहद्द’ लिहिले होते. अण्णांनी नकाशा मागितला. ॲलेगेनी पर्वतरांगेच्या पूर्वेला ब्रिटिश वसाहती, उत्तरेला फ्रेंचांचे कॅनडा, आणि मध्ये हे ओहायोचे खोरे. व्हर्जिनियाच्या जमीनदारांनी काढलेली ओहायो कंपनी तिथल्या जमिनीच्या वाटपाची स्वप्ने पाहत होती, आणि लॉरेन्स वॉशिंग्टन, म्हणजे जॉर्जचा थोरला सावत्र भाऊ, त्या कंपनीतला एक प्रमुख भागीदार होता. अण्णांचे म्हणणे असे, की सरहद्द दोन राज्यांमधली रेघ असते. इथे दोघेही तिसऱ्याच्या घरात उभे राहून रेघ ओढत होते, आणि आपण ‘सरहद्द’ लिहिले की त्या दोघांचा दावा आपणही मान्य केल्यासारखे होते. त्यांच्या सूचनेवरून मी बहुतेक ठिकाणी ‘ओहायोचा मुलूख’ असे केले. मुलूख म्हटले की तो कुणाचा तरी असतो, हे मराठी वाचकाला सांगावे लागत नाही.

त्यानंतर मला एक सोय सापडली. मराठ्यांच्या कागदपत्रांतली जुनी शब्दसंपत्ती या युद्धाला इंग्रजीइतकीच शोभते. खलिता, तह, रसद, ओलीस, वकील, दुभाषी हे सगळे तयार होते. १७५३ च्या हिवाळ्यात व्हर्जिनियाचा कारभारी रॉबर्ट डिनविडी याने एकवीस वर्षांच्या जॉर्ज वॉशिंग्टनला फ्रेंचांच्या फोर्ट ले बफवर पाठवले, तो खलिता घेऊनच: हा मुलूख आमच्या राजाचा आहे, तुम्ही निघून जा. फ्रेंचांनी त्याचा आदरसत्कार केला आणि नकार देऊन परत पाठवले. पुढच्या वर्षी २८ मे रोजी वॉशिंग्टनच्या सुमारे चाळीस शिपायांनी, तानाग्रिसनच्या लोकांच्या मदतीने, एका घळीत मुक्काम करून असलेल्या फ्रेंच तुकडीवर सकाळी गोळीबार केला. चकमक पंधरा मिनिटांत आटोपली. तुकडीचा प्रमुख ज्युमोनव्हिल मारला गेला. फ्रेंच म्हणाले, की तो खलिता घेऊन निघालेला वकील होता, जसा आदल्या हिवाळ्यात वॉशिंग्टन होता. इंग्रज म्हणाले, की वकील असता तर हत्यारबंद माणसे घेऊन घळीत लपून का बसला असता. मराठी माणसाला हा वाद समजावून सांगावा लागत नाही, कारण वकिलाच्या अंगाला हात लावू नये हा दंडक आपल्या बखरींनी आणि पत्रांनी आपल्या कानांवर घातलेला आहे.

पण मारला गेला म्हणजे कुणाकडून? साक्षी एकमेकींशी जुळत नाहीत. एका सांगण्यात तो गोळीने पडतो, दुसऱ्यात शरण आल्यानंतर तानाग्रिसनच त्याच्या डोक्यात परशू घालतो. इतिहासाच्या पुस्तकात लेखक दोन्ही लिहून पुढे जाऊ शकतो. नाट्यरूपाची अडचण अशी, की नटाचा हात एकदा उचलला की तो पडतो किंवा पडत नाही. चित्राला ‘बहुधा’ म्हणता येत नाही. निवेदनातले किंतु-परंतु सांभाळण्याचे काम म्हणून सबटायटलवर अधिक येते. मला वाटले होते, की मराठीतला ‘म्हणे’ हा दोन अक्षरांचा शब्द माझी सगळी चिंता मिटवेल. अण्णांनी तो खोडला. त्यांच्या मते ‘म्हणे’ लिहिले की वाचणारा सांगणाऱ्याची थट्टा समजतो. मग ‘असे एक सांगणे आहे’ लिहिण्यासाठी मला इतर ठिकाणची विशेषणे कापावी लागली, आणि खरे सांगायचे तर त्या विशेषणांचे कुणाला दुःख झाले नाही.

या साऱ्या कामातला सर्वांत कठीण तुकडा ३ जुलै १७५४ च्या रात्रीचा होता. ज्युमोनव्हिलच्या मृत्यूनंतर वॉशिंग्टनने ग्रेट मेडोज नावाच्या कुरणात घाईने एक गोल आडोसा उभारला आणि त्याला फोर्ट नेसेसिटी असे नाव दिले. ‘किल्ला’ लिहिताना माझाच हात अडखळत होता, कारण सातारकर माणसाला किल्ला म्हणजे काय ते ठाऊक असते. जमिनीत सोटे रोवून केलेल्या अशा कुंपणाला मराठीत मेढेकोट म्हणतात, हे अण्णांनी सांगितले आणि तो शब्द ऐकून मला विलक्षण आनंद झाला. ज्युमोनव्हिलचाच भाऊ, लुई कुलाँ द व्हिलिए, याच्या नेतृत्वाखाली फ्रेंच आणि त्यांचे मूळ रहिवासी साथीदार चालून आले. दिवसभर मुसळधार पाऊस होता, दारू भिजली, खंदकात पाणी साचले आणि रात्री फ्रेंचांकडून शरणागतीची कलमे आली. ती फ्रेंच भाषेत होती. वॉशिंग्टनला फ्रेंच येत नव्हते. त्याचा दुभाषी जेकब व्हॅन ब्राम हा डच; त्याने पावसात, कशीबशी पेटती ठेवलेल्या मेणबत्तीच्या उजेडात, भिजून पसरलेली अक्षरे वाचून तोंडी इंग्रजी केले. कागदावर ज्युमोनव्हिलच्या संदर्भात ‘असासिना’ हा फ्रेंच शब्द होता. वॉशिंग्टन आणि त्याचे अधिकारी नंतर सांगत राहिले, की व्हॅन ब्रामने तो ‘मृत्यू’ किंवा ‘हानी’ असा वाचून दाखवला. वॉशिंग्टनने सही केली आणि आपण खून केल्याची लेखी कबुली फ्रेंचांच्या हाती दिली, जी त्यांनी पुढे युरोपभर दाखवली.

मी सहा सेकंदांत, दोन ओळींत, हे कसे आणायचे होते? कागदावर एक शब्द आणि कानावर दुसरा, हे वाचणाऱ्याला एका दृष्टिक्षेपात कळले पाहिजे. ‘हत्या’ आणि ‘मृत्यू’ ही जोडी मी आधी केली होती. अण्णांनी चष्मा काढून ठेवला आणि म्हणाले, ‘‘नारायणराव पेशव्यांची आपण हत्या म्हणत नाही. खूनच म्हणतो. हत्या म्हटलीस तर गोहत्येपासून सगळे आले त्यात.’’ १७७३ साली शनिवारवाड्यात गारद्यांनी केलेल्या त्या कृत्याला पिढ्यान्‌पिढ्या एकच शब्द लागलेला आहे. मग पहिल्या ओळीत ‘लिहिले होते : खून’ आणि दुसऱ्या ओळीत ‘ऐकवले गेले : मृत्यू’ असे केले. त्या रात्री मला व्हॅन ब्रामविषयी जे वाटले ते इतिहासकाराला वाटणार नाही. त्याच्यावर पुढे कटाचे आरोप झाले, ओलीस म्हणून फ्रेंचांच्या ताब्यात तर तो त्याच वेळी गेला होता. मी गरम चहा घेऊन, शब्दकोश उघडून, तीन दिवस एका शब्दावर बसले होते. त्याला मेणबत्ती धड पेटवता येत नव्हती.

ऑगस्टमध्ये आम्ही ते कुरण पाहायला गेलो. पिट्सबर्गपासून मोटारीने दीड तासाच्या आत पोहोचता येते. मेढेकोट आता पुन्हा उभारलेला आहे, आणि तो इतका लहान आहे, की अण्णांनी आधी तो पहारेकऱ्याचा आडोसा समजला. व्यास सुमारे त्रेपन्न फूट. १९३० च्या दशकात तो चुकीच्या आधारावर कोनाकोनाचा बांधला होता. १९५० च्या दशकातल्या उत्खननात जमिनीतच सोट्यांची बुडे सापडली, तेव्हा तो गोल होता हे नक्की झाले आणि पुन्हा बांधावा लागला. अण्णांना ही माहिती लढाईपेक्षा अधिक आवडली. ज्युमोनव्हिलची घळ तिथून काही मैलांवर आहे. पायवाट खडकाच्या कडेवर येते आणि खाली झाडीत तो मुक्काम. अण्णा गुडघे सांभाळत कडेपर्यंत आले आणि बराच वेळ खाली पाहत राहिले. ‘‘इथून गोळी घालायची, तर खालच्याने वर पाहायलाही उसंत मिळाली नसेल,’’ असे म्हणून ते वळले. घरी आल्यावर मी ‘चकमक झाली’ हा तुकडा बदलून ‘वरून गोळीबार झाला’ असा केला. निवेदनाच्या शब्दांपासून मी तेवढी दूर गेले, हे कबूल करते.

ब्रॅडॉकच्या पराभवावर आमचे खरे भांडण झाले. ९ जुलै १७५५ रोजी ब्रिटिश जनरल एडवर्ड ब्रॅडॉकचे तेराशेहून अधिक सैन्य फोर्ट दुकेनपासून, म्हणजे आजच्या पिट्सबर्गच्या जागी असलेल्या फ्रेंचांच्या किल्ल्यापासून, दहाएक मैलांवर, मोनोंगहेला नदीजवळ, सुमारे नऊशे शत्रूंकडून मोडले गेले. त्या नऊशेंतले सहाशेहून अधिक मूळ रहिवासी योद्धे होते. ब्रिटिशांचे आठशेहून अधिक लोक ठार किंवा जखमी झाले. वॉशिंग्टनचे दोन घोडे खाली पडले आणि कोटातून चार गोळ्या आरपार गेल्या. अण्णांचा शब्द अर्थातच तयार होता: गनिमी कावा. मी तो घ्यायला तयार नव्हते. एक तर त्या शब्दाबरोबर आपल्या मनात सह्याद्री येतो आणि न्यायाची बाजू ठरून जाते. दुसरे म्हणजे ती दबा धरून केलेली लढाई नव्हतीच. दोन्ही बाजूंच्या आघाड्या जंगलात समोरासमोर धडकल्या, फ्रेंच सेनानी बोज्यू सुरुवातीलाच पडला, आणि त्यानंतर योद्धे झाडीतून दोन्ही अंगांना पसरत गेले. ब्रिटिश रांगा मात्र वाटेवरच एकमेकींत गुंतत राहिल्या. ‘‘मग कावा कुठे आहे?’’ मी विचारले. दोन दिवस अण्णा माझ्याशी कामापुरतेच बोलले. तिसऱ्या दिवशी त्यांनी चिठ्ठीवर ‘दोन्ही बगलांनी घेरले’ असे लिहून ती संगणकाला चिकटवली. ब्रॅडॉक चार दिवसांनी मेला. शत्रूला थडगे सापडू नये म्हणून त्याला वाटेतच पुरून वरून सैन्य चालवले गेले. जिथे लढाई झाली, तिथे आज ब्रॅडॉक नावाचे गाव आणि पोलादाचा कारखाना आहे.

उरलेले दोन भाग लवकर झाले, कारण शब्द ठरलेले होते. त्यांत आले ते पुढचे किल्ले आणि लढाया: ब्रिटिशांचे फोर्ट विल्यम हेन्री, १७५८ साली फ्रेंचांनी स्वतःच जाळून सोडलेले फोर्ट दुकेन, १७५९ चे क्वेबेक. शेवटाकडे अण्णांच्या त्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर मला द्यावे लागले. ‘आपले’ या युद्धात होते. युरोपात ज्याला सप्तवार्षिक युद्ध म्हणतात, त्याचीच ही अमेरिकेतली बाजू होती, आणि तेच युद्ध इंग्रज आणि फ्रेंच आपल्याकडे वांदिवाश आणि पाँडिचेरीला लढत होते. फ्रेंच सेनानी बुसी १७५८ साली दख्खनमधून परत बोलावला गेला. त्याच्या पद्धतीने तयार झालेला इब्राहिमखान गारदी पुढे भाऊसाहेबांबरोबर पानिपतावर होता. १४ जानेवारी १७६१ ला पानिपत झाले आणि त्यानंतर दोन दिवसांत पाँडिचेरी इंग्रजांच्या हाती पडली. अण्णांना दोन्ही तारखा तोंडपाठ होत्या, पण त्या त्यांनी आयुष्यभर दोन वेगळ्या धड्यांत शिकवल्या होत्या. त्या दिवशी ते जेवताना गप्प होते. मालिकेच्या फाइलीत यातले काही घालण्याचा मला अधिकार नव्हता, म्हणून ते घातले नाही.

ऑक्टोबरात, निघण्याच्या आधीच्या चार रात्री, आम्ही चारही भाग न थांबवता पाहिले. अण्णांनी एकदाही माझ्याकडे वळून विचारले नाही. १७६३ च्या तहात फ्रेंचांनी जे खोरे इंग्रजांना दिले, ते देण्याआधी तिथे राहणाऱ्यांना कुणी विचारले नव्हते, हा मजकूर आला तेव्हा त्यांनी फक्त ‘‘मुलूख’’ एवढेच म्हटले.

फाइल आणि आपली टिपणवही ते बरोबर घेऊन गेले. नोव्हेंबरात फोन आला. दुसऱ्या भागातल्या एका तुकड्यात मी ‘नदी ओलांडताना हल्ला झाला’ असे लिहिले होते. ब्रॅडॉकच्या सैन्याने त्या दिवशी मोनोंगहेला दोनदा ओलांडली आणि दुसऱ्यांदा पार होऊन पुढे गेल्यावर गाठ पडली. इंग्रजीत ‘ओलांडल्यावर’ होते, मी ‘ओलांडताना’ केले होते. चार महिने ती चूक आम्हा दोघांच्या डोळ्यांसमोरून गेली होती. मी ती दुरुस्त केली, पुन्हा वेळा जुळवल्या आणि नवी फाइल त्यांना पाठवली.